बारा-दहाचा फोन

धुळे,
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

सौ. वहिनी,

पिशवी पोचली. भरताची वांगी, दादर ज्वारीचं पीठ, केळीच्या वेफरांचे दोन पुडे, सगळं जसंच्या तसं. मोतीलाल ड्रायव्हरने वाटेत एकही पुडा फोडला नाही, याचं मला अजून नवल वाटतंय. रिकाम्या डब्यात हे पत्र घालून त्याच्याच एसटीने परत पाठवते आहे. घरात फोन असताना पत्र कशाला, असं म्हणाल. पण तुमच्या घरचा फोन म्हणजे ग्रामपंचायतीचा भोंगा. भाऊ तो स्पीकरवर टाकून ओसरीत बसतो आणि नणंद काय म्हणाली ते भावजयीच्या आधी गल्लीला कळतं. आणि हे भाऊच्या कानावर इतक्यात जायला नको.

तुमची भूमिका झोपत नाही, वहिनी.

जूनमध्ये अकरावीसाठी तिला माझ्याकडे ठेवलीत, तेव्हापासून पावसाळाभर पोर गुणाची होती. दहाला आडवी, सहाला उभी. दिवाळीची सुट्टी संपवून आली आणि सगळं बिघडलं. हा सगळा आठवडा डोळे लाल, जेवणावर लक्ष नाही, विचारलं तर अंगावर येते. मंगळवारी आंघोळीला गेली ती अर्धा तास बाहेरच येईना. दार बडवलं, हाका मारल्या, शेवटी धक्के देऊन कडी तोडली. बादलीजवळ पाटावर बसल्या बसल्या झोपली होती, आणि नळ वाहत होता. मी ओरडले. आमचे हे रात्रपाळीहून येऊन झोपले होते, ते धावत आले. सूतगिरणीत त्यांची एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रात्रपाळी असते. म्हणजे निम्म्या रात्री घरात आम्ही दोघीच.

कारण शोधायला मला लांब जायला नको. मोबाईल! आमच्या शाळेत आठवीचा निम्मा वर्ग पहिल्या तासाला पेंगतो. विचारलं की म्हणतात, मॅडम, एकच रील बघत होतो. त्या एकाला शेपूट किती लांब असतं ते आपण जाणतो. ही तर फोन उशीखाली घेऊन झोपते.

तुमच्याकडे असताना कशी झोपायची, ते खरं खरं कळवा. लेकीची बाजू घेऊ नका.

तुमची,
नूतन

&nbsp;

पिंपळखेडे, ता. चोपडा,
१३ नोव्हेंबर

सौ. नूतनताईंना सुनंदाचा नमस्कार.

डबा घासायला घेतला तर तळाशी तुमचं पत्र. तुमचे भाऊ मळ्यात होते म्हणून बरं झालं. वाचलं आणि तशीच चुलीपुढे बसून राहिले. बंद न्हाणीत पोर झोपली, पाणी चालू, हे डोळ्यापुढून जात नाही.

ताई, लहानपणी ही घोडे विकून झोपायची. पोळ्याच्या ढोलांनीही उठायची नाही. दहावीच्या परीक्षेआधी, फेब्रुवारीपासून, थोडी बिघडली. रात्री उठून बापाच्या खाटेपाशी उभी राहायची. मी विचारलं की म्हणे पाणी प्यायला उठले. आम्ही म्हटलं, परीक्षेची धास्ती आहे. तुम्ही रात्री दुधात जायफळ उगाळून द्या आणि तळपायाला तेल लावा. मीठमिरची ओवाळून टाका. तुम्ही हसाल, पण टाका.

इकडे बरं आहे. केळी पोग्यात आली आहे, आता घड सुटतील, पाणी तोडून चालत नाही. लाईटचं तेच रडगाणं, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री बारा-दहाला. पण आता आम्हाला त्याचा त्रास नाही. मार्चात मोटरीला मोबाईलचं यंत्र बसवलं. भूमिकेनेच हट्ट धरला, प्रेमराज मेकॅनिकला तीच बोलावून घेऊन आली. लाईट आली की मोटर आपोआप चालू, विहिरीचं पाणी उतरलं की आपोआप बंद. तुमचे भाऊ संध्याकाळी कोणत्या बागेला पाणी द्यायचं तो कॉक फिरवून येतात आणि डाराडूर झोपतात. गावभर सांगतात, आमची मोटर आपल्या डोक्याने चालते. शेजारच्या शिवारात बिबट्याने वासरू नेलं तेव्हापासून तर मी त्या यंत्राला रोज हात जोडते.

पोरीला जपा. तिच्या बापाला मी काही बोलले नाही.

सुनंदा

&nbsp;

धुळे,
रविवार, २३ नोव्हेंबर

सौ. वहिनी,

जायफळ झालं, तेल झालं, मीठमिरचीही ओवाळली. पालथ्या घड्यावर पाणी.

परवा शुक्रवारी सायकलवर डोळा लागला आणि ही उभ्या टेम्पोवर जाऊन आदळली. कपाळाला तीन टाके पडले. घाबरू नका, टाके बाहेरचे आहेत, पोर शुद्धीवर आहे, जेवते खाते. पण टेम्पो उभा होता म्हणून हे लिहू शकते आहे. चालता असता तर काय लिहिलं असतं, हा विचार मनात आला की मला रस्त्यावरचा प्रत्येक हॉर्न पोटात वाजल्यासारखा होतो.

त्याच्या आधीच, पंधरा दिवसांपूर्वी, डॉक्टरांना दाखवलं होतं. भला माणूस आहे, पोरीवर ओरडला नाही, माझ्यावर थोडा ओरडला. म्हणाला, या वयात झोप उशिरा येते, तो मुलांचा दोष नाही, शरीरच तसं होतं. आणि आपण त्यांना सातच्या वर्गाला हाकलतो. त्यांना आठ-नऊ तास झोप हवी असते, मिळते पाच. त्यात संध्याकाळचा चहा, रात्रीचा क्लास, दहाला जेवण, खेळ नाही, ऊन नाही आणि झोपेपर्यंत डोळ्यासमोर फोन. मग म्हणाला, दोन आठवडे वहीत लिहून ठेवा, कधी झोपते, कधी उठते. मी मास्तरीण, मला वही म्हटली की हुरूप येतो. लिहिली.

वहिनी, त्या वहीनेच मला झोपवेनासं केलं आहे.

दहा तारखेपासून सोळापर्यंत पोर साडेदहाला झोपली, सहाला उठली. सतरापासून आजपर्यंत रोज रात्री बारा वाजून दहा मिनिटांनी तिचा फोन थरथरतो. ती बोलत नाही. कानाला लावते, एक बटण दाबते, ठेवते. मग अंथरुणात बसून राहते. तीनच्या सुमारास पुन्हा तेच. पाचला पुन्हा. मी दाराच्या फटीतून पाहिलंय. आणि तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं की लाज नव्हती. भीती होती.

एक आठवडा गप्प, एक आठवडा हा प्रकार. मी गिरणीवाल्याची बायको आहे, हे वेळापत्रक मला पाठ आहे. हा कोणी तरी रात्रपाळीचा माणूस आहे. सुट्टी झाली की खूण करायला लावतो आणि पोर धाकाने करते. कुठे भेटला, कसला फोटो वगैरे तर त्याच्याकडे नाही ना, या विचाराने माझं डोकं फुटायची वेळ आली आहे. तिला विचारलं तर म्हणाली, "आत्या, मला काही विचारू नको, तुझ्या पाया पडते." खरंच पडली.

काय करू ते लवकर कळवा.

नूतन

&nbsp;

पिंपळखेडे,
२७ नोव्हेंबर

नूतनताई,

माझी पाचावर धारण बसली आहे. हे पत्र गोठ्यात बसून लिहिते आहे.

तुमच्या भावांना सांगू नका, तुम्हाला माझ्या गळ्याची आण. आमच्या गल्लीतल्या कौतिक अण्णांच्या मुलीचं तुम्हाला माहीत आहे. तिच्या फोनमध्ये कुणाचा नंबर सापडला, नुसता नंबर. दुसऱ्या दिवशी दप्तर माळ्यावर गेलं ते गेलंच. पोर आता कापूस वेचते. हुशार होती, आपल्या भूमिकेसारखीच. तुमचे भाऊ मनाने वाईट नाहीत, पण चार माणसं ओट्यावर बसून बोलायला लागली की कोणत्या बापाचं काय होईल सांगता येत नाही. भूमिकेची शाळा सुटली तर मी जगून काय करू?

फोन काढून घ्या. रात्री बंद करून कपाटात कुलूप लावून ठेवा. ती रडेल, हातापाया पडेल, भुलू नका. तो जो कोणी असेल तो फोन लागेना झाला की आपोआप थंड होईल. पुढच्या सोमवारपासून त्याची पाळी येत असेल तर त्याच दिवसापासून घ्या.

आणखी एक गोष्ट तुम्हाला सांगायची होती. फेब्रुवारीतली आहे. पण तुमच्या भावांनी मला आणि भूमिकेला शपथ घातली आहे की नूतनला कळता कामा नये, ती धुळ्याहून धावत येईल आणि घर डोक्यावर घेईल. त्या गोष्टीचा याच्याशी संबंध नसेल. जाऊ द्या.

मला रात्री झोप नाही आता. तुमचे भाऊ तेवढे घोरतात.

सुनंदा

&nbsp;

धुळे,
शुक्रवार, ५ डिसेंबर, सकाळ

सौ. वहिनी,

आधी पेढा खा, मग पुढे वाचा. मुलगा नाही! कोणी नाही! मी रात्री रडले, आता हसते आहे, शेजारीण खिडकीतून पाहून गेली.

क्रमाने सांगते. सोमवारी रात्री तुम्ही म्हणालात तसा फोन बंद करून कपाटात ठेवला आणि किल्ली कमरेला लावली. पोरीने जो आकांत केला तो लिहवत नाही. "आत्या, फोन चालू तरी राहू दे. बंद राहिला तर काही तरी वाईट होईल." मला वाटलं, त्या हरामखोराने धमकी दिली असणार. मंगळवार, बुधवार तेच. दिवसा फोन हातात दिला की ही पहिला फोन भाऊला लावायची आणि रात्री जागी ती जागीच, भिंतीला टेकून.

काल मी ठरवलं, आज याला रंगेहाथ पकडायचा. फोन चालू करून स्वयंपाकघरात बसले, दिवा न लावता. बारा-दहाला वाजला. वहिनी, मी वर्गात साठ पोरांना गप्प करते, पण तो फोन उचलायला माझा हात उठेना. वाजून थांबला. पुन्हा वाजला. तेव्हा उचलला आणि श्वास रोखून ऐकलं. तर एक बाई! पढवलेला आवाज, एसटी स्टँडवर गाडी लागल्याचं सांगतात तसा. "थ्री फेज वीज आली आहे. मोटर चालू करण्यासाठी एक दाबा." मी चक्रावले, ठेवून दिला. तिसऱ्यांदा वाजला. तेच. तेव्हा मी एक दाबला. "मोटर चालू झाली आहे."

मागे वळून पाहते तर दारात भूमिका. तिने विचारलं, "आत्या, चालू झाली?" मी हो म्हटलं. ती तिथेच फरशीवर बसली आणि तिने जे तोंड उघडलं ते दोनपर्यंत मिटलं नाही.

तुमचं यंत्र आपल्या डोक्याने चालत नाही, वहिनी. तुमच्या लेकीच्या डोक्याने चालतं. प्रेमराजने बसवलं तेव्हा तिचाच फोन हाताशी होता म्हणून तिचा नंबर टाकला. दुसऱ्याच आठवड्यात आपोआपच्या नादात कॉइल जळाली, म्हणून त्याने ते आपोआप बंद केलं आणि सांगितलं, आता फोन आला की दाबत जा. हिने बापाला सांगितलंच नाही. म्हणाली, आबा, दुरुस्त झालं, तुम्ही झोपा. तेव्हापासून लाईट आली की चालू करायला उठते, विहीर उपसली की बंद करायला उठते, पाणी साठलं की पुन्हा चालू करायला उठते. घरी होती तेव्हा पलीकडच्या खोलीतून, आता धुळ्याहून! पावसाळ्यात मोटर लागत नव्हती म्हणून पोर झोपत होती. आणि मी मूर्ख, गिरणीतले मजूर मोजत बसले होते. जिच्यासाठी जागरणं चालली ती पाच हॉर्सपॉवरची मोटर निघाली.

फेब्रुवारीचंही कळलं. शपथ तिनेच मोडली, तिला काही बोलू नका. भाऊ रात्री मोटरीच्या पेटीला करंट लागून चिकटला होता आणि ही अभ्यासाला जागी होती म्हणून, इतका वेळ झाला तरी आबा आले नाहीत, हे तिच्या लक्षात आलं. वाळका बांबू मारून बापाला सोडवला या पंधरा वर्षांच्या पोरीने, आणि मला तुम्ही कोणी सांगितलं नाही! त्यावर मी तुमच्याशी वेगळी भांडणार आहे. ती मला काय म्हणाली ते ऐका. "आत्या, मी जागी होते म्हणून आबा वाचले. झोपलेली असते तर?"

तीनला मोटर बंद करायला आम्ही दोघींनी फोन लावला तर ती बाई म्हणाली, वीज उपलब्ध नाही. लाईट गेली असेल. भाऊला तेव्हाच फोन करून सगळं सांगणार होते, पण म्हटलं, झोपलेल्या माणसाला कशाला उठवा. आता रोज रात्री बटण मी दाबीन. आमचे हे रात्रपाळीला असले की मला तरी कुठे झोप येते? भूमिका या क्षणी माझ्या खाटेवर आडवी पसरली आहे, तोंड उघडं. आज कॉलेजला पाठवली नाही.

भाऊला मी येऊन सांगेन. तोवर त्याची झोप आणि अब्रू दोन्ही राहू द्या.

तुमची लाडकी नणंद,
नूतन

&nbsp;

जळगाव,
६ डिसेंबर

नूतनताई,

तुमचं पत्र आलं असेल तर घरी डब्यात पडून असेल. मी घरी नाही. जळगावला दवाखान्यात आहे. माझ्या भाच्याला, ललितला, हे पत्र घेऊन पाठवते आहे. फोनवर माझ्याने बोलवलं नसतं आणि भूमिकेने ऐकलं असतं. तुमचे भाऊ जिवंत आहेत, हे आधी वाचा.

सोमवारपासून यंत्र चालू झालं नाही. लाईट यायची, मोटर गप्प. प्रेमराज लग्नाला एरंडोलकडे गेलेला. तीन रात्री बागेला पाणी नाही, घड सुटायच्या बेतात. भूमिका रोज फोन करून बापाला बजावायची, "आबा, रात्री मळ्यात जाऊ नका, यंत्र दुरुस्त होईल." हे हो बाई, हो बाई म्हणायचे. गुरुवारी रात्री मला न उठवता गेले.

लाईट आली, पेटीवरचा लाल दिवा लागला, मोटर नेहमीसारखी गप्प. ह्यांनी वाट पाहिली. यंत्र मेलंय अशी खात्री झाली. मग मोटरीकडे जाणारी वायर ढिली असेल म्हणून पेटी उघडून कसायला बोटं घातली. त्या बाजूला करंट नसतो ताई, मोटर चालू झाल्याशिवाय नसतो, हे त्यांना वीस वर्षांपासून माहीत आहे. आणि बोटं आत असतानाच मोटर चालू झाली. कोणी हात लावला नाही, काही नाही. चार दिवस मेलेलं यंत्र त्यांनी हात घालताच जागं झालं.

फ्यूज उडाला म्हणून सुटले, नाही तर तिथेच राहिले असते. मला दीडला जाग आली. खाट रिकामी. बॅटरी घेऊन निघाले, बिबट्याची आठवणही झाली नाही. केळीत शिरल्यावर कुठे काही दिसेना, मी नुसती हाका मारत पळत होते आणि माझाच आवाज मला ऐकू येत नव्हता. विहिरीच्या थारोळ्याजवळ, पाइपाचं पाणी पडतं तिथे, पडले होते. मी मेलेच समजले. तोंडाजवळ गाल नेला तर श्वास लागला.

उजव्या हाताची दोन बोटं ठेवता येणार नाहीत असं डॉक्टर म्हणतात. छातीची ती ईसीजीची पट्टी रोज काढतात. तुम्हाला फेब्रुवारीतलं सांगायला हवं होतं, तेव्हाही असंच झालं होतं, तेव्हा भूमिकेने वाचवलं. आता शपथ गेली चुलीत.

मला त्या पेटीची भीती वाटते. त्यात काही शिरलं आहे. घरी गेल्यावर मी ती फोडून विहिरीत टाकणार आहे.

भूमिकेला सांगू नका. तुम्हीही येऊ नका, तुम्ही निघालात की ती मागे येईल. तिची झोप आधीच गेलेली.

सुनंदा

&nbsp;

धुळे,
८ डिसेंबर

वहिनी,

पेटीत काही शिरलेलं नाही. ते बटण मी दाबलं.

माझं पाच तारखेचं पत्र तुमच्या घरी डब्यात आहे. त्यात मी हसले आहे. ते वाचण्याआधी हे वाचा, म्हणून ललितच्याच हाती देते आहे. यंत्र तीन रात्री चालू झालं नाही, कारण भूमिकेचा फोन माझ्या कपाटात होता. ते तिच्या फोनवरून चालू व्हायचं. आणि गुरुवारी रात्री बारा-दहानंतर, तिसऱ्यांदा फोन वाजल्यावर, मी काय ते न समजता एक दाबला. भाऊची बोटं तेव्हा आत होती.

दोनदा स्टँडवर जाऊन परत आले. जळगावची गाडी समोर उभी होती, पाय उचलला नाही. लहानपणी मला खांद्यावर बसवून जत्रेला नेणारा भाऊ आहे तो. त्याच्यासमोर कोणतं तोंड घेऊन उभी राहू?

भूमिकेला अजून सांगितलं नाही. चार रात्री ती झोपते आहे, न हलता. रात्रीचं बटण मी दाबते असं तिला वाटतं. आजपासून लाईट दिवसाची आहे आणि तिचा फोन दिवसाही माझ्याकडेच असतो. ती झोपलेली पाहते आणि मला धडकी भरते, कारण ही उठेल तेव्हा हिला काय सांगायचं?

भाऊला तुम्ही सांगा. माझ्याने होणार नाही. जे म्हणेल ते मला कळवा, शिव्या असल्या तरी कळवा.

नूतन

&nbsp;

जळगाव,
१२ डिसेंबर

नूतनताई,

तुमचं पत्र चार वेळा वाचलं. पहिल्यांदा तुमचा राग आला, खोटं कशाला बोलू? फार आला. मग आठवलं की फोन काढून घ्या, कुलूप लावा, भुलू नका, हे मीच लिहिलं होतं. एका कुलपाला आपल्या दोघींचे हात लागले आहेत. आता कोणी कोणाला काय म्हणायचं?

ह्यांना काल सांगितलं. बोटं काढल्यानंतर ताप उतरला तेव्हा. सगळं सांगितलं, यंत्र, भूमिका, तुमचं बटण. मला वाटलं उठून बसतील, ओरडतील. तुमचं नावही घेतलं नाही. मग विचारलं, "पोर कितल्या राती जागनी?"

मी म्हटलं, रात्री मोजल्या नाहीत.

म्हणाले, "मोज."

ताई, आम्ही दोघांनी मोजलं. मार्चपासून जूनपर्यंत, मग दिवाळीपासून. मी बोटांवर मोजत होते आणि ते ऐकत होते. पन्नासच्या पुढे गेल्यावर त्यांनी डावा हात वर केला, बस म्हणून. "आनि मी डाराडूर जपेल व्हतू. गावभर सांगी ऱ्हायंतू, मनी मोटर आपल्या डोक्यानी चालस." मग तोंडावर पांघरूण ओढून घेतलं. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, त्यांना रडताना मी काल पहिल्यांदा पाहिलं.

संध्याकाळी मी विचारलं, रात्रीच्या पाण्याचं काय करायचं? आपला वर्षाचा गडी, वना सालदार, तयार आहे, रात्री जाईन म्हणतो. म्हणाले, "वनाले बी लेकरं शेत. कोनी जावानं नही. वाळी जाऊ दे बठ्ठं." दिवसाच्या आठवड्यात जेवढं भिजेल तेवढी केळी ठेवायची, बाकी सोडायची. ललितने पेटीतलं सिम काढून आणलं. ते ह्यांच्या उशाशी आहे.

भूमिकेला तुम्हीच सांगा आणि रविवारी घेऊन या. ह्यांचाच निरोप आहे. म्हणाले, या घरात एकमेकांना झोप लागावी म्हणून जो तो खोटं बोलत गेला, आता पुरे. आणि तुम्हाला वेगळा निरोप आहे. नूतनला म्हणा, येताना रडत येऊ नको, दवाखान्यात आधीच सगळं ओलं आहे.

सुनंदा

&nbsp;

धुळे,
१८ डिसेंबर

सौ. वहिनी,

भाऊ घरी पोचल्याचं ललितने कळवलं. हात छातीशी धरून ओट्यावर बसतो आणि येणाऱ्याजाणाऱ्याला स्वतःच सगळं सांगतो, हेही कळलं. चांगलं आहे. सांगू दे.

रविवारी तुम्ही पाहिलंतच. एसटीत अमळनेर सोडल्यावर मी भूमिकेला सांगितलं. मला वाटलं, ती माझा हात झटकेल. तिने काही केलं नाही. जळगाव येईपर्यंत खिडकीबाहेर पाहत होती आणि मधूनच विचारत होती, "किती वाजता दाबलास? बारा-चौदाला? मी असते तर बारा-दहालाच दाबलं असतं. तेव्हा त्यांचा हात बाहेर होता." हे ती मला टोचून म्हणत नव्हती, गणित करत होती. तेच जास्त लागलं.

डॉक्टरांना परत दाखवलं, या वेळी खरं सांगून. म्हणाले, फोन काढून घेणं सोपं असतं, भीती काढून घ्यायला वेळ लागतो. दर शनिवारी तिला एका समुपदेशक बाईंकडे बोलायला जायचं आहे. मलाही सोबत बोलावलंय. माझं काय काम, असं विचारणार होते. मग शाळेत शनिवारची रजा टाकून आले.

आता काल रात्रीचं. सोमवारपासून पुन्हा रात्रीची लाईट आहे, ते तुम्हाला माहीतच आहे. भूमिकेचा फोन बंद, यंत्रात सिम नाही, कुठे काही वाजायचं कारण नाही. तरी बारा-दहाला ती ताडकन उठून बसली. मी शेजारीच होते. अंधारात म्हणाली, "लाईट आली असेल." मी म्हटलं, आली असेल, येऊ दे. तिचा हात हातात घेतला. "आबा गेले नसतील ना? हो म्हणतात आणि जातात." मी म्हटलं, अगं, आईने दाराला आतून कुलूप लावलंय, किल्ली तिच्याजवळ आहे. पण मलाही वाटत होतं, गेला असेल. खरं सांगते, मी देवाचं नाव घेत होते.

म्हणून फोन लावला. रात्री सव्वाबाराला, झोपलेल्या माणसाला.

पहिल्याच रिंगला उचलला. स्पीकरवर टाकायचाही विसरला. मी भूमिकेच्या कानाला फोन लावला आणि भाऊचा आवाज मला शेजारून ऐकू आला. "बेटा, तू जागीच शे का?" तोही बारा-दहाला उठून बसला होता, वहिनी. तुम्ही घोरत होता म्हणाला. पोर झोपली असेल की नाही, हे पाहायचं तर कसं पाहायचं, असा फोन हातात घेऊन बसला होता.

मी उठून दारात जाऊन उभी राहिले. पावणेएक वाजला तरी तो म्हणत होता, आता झोप, आणि ती म्हणत होती, आबा, आधी तुम्ही झोपा. आणि दोघांपैकी कोणीही फोन ठेवत नव्हतं.

नूतन